अंडाशयात डर्मॉइड सिस्ट म्हणजे कॅन्सर का?

तुमच्या २४ वर्षांच्या बहिणीच्या सोनोग्राफीत डर्मॉइड सिस्ट दिसली आणि हा कॅन्सर आहे का, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक वेळा नसतो. ही गाठ बीजपेशींपासून, म्हणजे ज्यांतून शरीरातली कुठलीही पेशी घडू शकते अशा पेशींपासून होते, म्हणून तिच्यात केस, चरबी, कधी चक्क दातही सापडतात. तिचा कॅन्सर होण्याचं प्रमाण जेमतेम १-२ टक्के, तेही बहुधा उतारवयात. या वयात खरी भीती गाठीला पीळ पडण्याची. एका बाजूला अचानक असह्य कळ आणि उलट्या सुरू झाल्या तर सकाळची वाट पाहू नका, रक्तपुरवठा तुटून अंडाशय गमवावं लागू शकतं.

बीजपेशींचे कॅन्सरही तरुण मुलींतच जास्त. वाढतात झपाट्याने, पण केमोथेरपीला छान दाद देतात.

अंडाशयाच्या कॅन्सरपैकी सुमारे ९० टक्के मात्र अंडाशयाच्या बाहेरच्या आवरणाच्या पेशींचे, बहुधा पन्नाशीनंतरचे, आणि ते गुपचूप पोटात पसरतात. म्हणून कळकळीने सांगते: घरातल्या आई-मावशीला कित्येक आठवडे पोट फुगल्यासारखं, दोन घासांत भरल्यासारखं वाटत असेल तर ते ॲसिडिटीवर ढकलू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला तरीही. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक बनवणारी, अंडाशयातल्याच ग्रॅन्युलोसा नावाच्या पेशींची गाठ कधी कधी अशीच उघडकीला येते.