हॉर्न बदलला, आवाज तोच!

स्पोर्ट बाइकला मोठ्या आवाजाचा हॉर्न बसवण्याबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पहिल्या उत्तरात वायरिंग सविस्तर दिलं आहे, कारण निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

प्रश्न : माझ्याकडे यामाहा आर१५ आहे. कंपनीचा हॉर्न ट्रकवाल्यांना ऐकूच जात नाही, म्हणून हाय आणि लो टोनची जोडी आणली. गॅरेजमध्ये जुन्या हॉर्नच्या दोन वायरींनाच दोन्ही हॉर्न जोडून दिले. आवाज घोगरा येतो, इंजिन बंद असलं की नुसती गुरगुर होते, आणि आठ दिवसांत फ्यूजही गेला. हॉर्न परत करू का? (सातारा)

परत करू नका, हॉर्न बहुधा ठणठणीत आहेत. त्यांना पोटभर करंट मिळत नाही, एवढंच.

कंपनीचा एक छोटा डिस्क हॉर्न साधारण २ ते ३ अँपिअर खातो आणि बाइकची वायर, बटण, फ्यूज सगळं त्याच हिशेबाने दिलेलं असतं. बाजारातल्या जोडीतला एकेक हॉर्न ४ ते ५ अँपिअर घेतो, म्हणजे दोन्ही मिळून १० अँपिअर धरा. मूळ वायर ०.५ चौरस मिलिमीटरची असेल आणि जाऊन-येऊन तिची लांबी ३ मीटर होत असेल, तर १० अँपिअरला एकट्या वायरीतच १ व्होल्ट पडतो. बटणाचा काळवंडलेला काँटॅक्ट आणि मधले कपलर आणखी १ व्होल्ट सहज खातात. बॅटरीवर १२.५ व्होल्ट असले तरी हॉर्नपाशी १०.५ उरतात, आणि तेवढ्यावर हॉर्नला त्याच्या हक्काची जेमतेम ७० टक्के शक्ती मिळते. आतला पडदा पूर्ण हलत नाही, म्हणून घोगरा आवाज. इंजिन बंद असताना चार्जिंगचा आधार जातो, म्हणून गुरगुर.

फ्यूज गेला ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. तिथे मोठा फ्यूज ठोकू नका. फ्यूज हा वायरीच्या रक्षणासाठी असतो. तो वाढवला की पुढच्या वेळी वायर जळेल, आणि मूळ हार्नेस (वायरींचा जुडगा) फेअरिंगच्या, म्हणजे बाहेरच्या प्लास्टिक आवरणाच्या, आतून जात असल्याने जळल्याचं कळायलाही उशीर होईल. बऱ्याच बाइकवर हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेक लाइट एकाच फ्यूजवर असतात. तसं असेल तर हॉर्नपायी मागचा ब्रेक लाइटही जातो. आजच तपासा.

यावर इलाज रिलेचा. रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. सामान एवढंच लागेल: १२ व्होल्ट, ३० अँपिअरचा चार पिनांचा रिले आणि त्याचं सॉकेट; झाकणाचा पाणीबंद फ्यूज होल्डर आणि १५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज; २.५ चौरस मिलिमीटरची लाल आणि काळी वायर प्रत्येकी २ मीटर; बॅटरीच्या बोल्टसाठी दोन गोल थिंबल; ६.३ मिलिमीटरची आठ-दहा चपटी टर्मिनल. हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) आणि वायरीवर चढवायला स्लीव्ह.

आधी बॅटरीची मायनस काढून ठेवा. बॅटरीच्या प्लसपासून लाल वायर काढा आणि पहिल्या १५ सेंटिमीटरच्या आतच फ्यूज होल्डर घाला. फ्यूजच्या अलीकडची वायर कुठे घासून फ्रेमला टेकली तर तिला वाचवणारं काही नसतं, म्हणून हे अंतर कमी हवं. होल्डरची दुसरी बाजू रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला (नंबर रिलेवर छापलेले असतात). ८७ मधून दोन वायरी निघून दोन हॉर्नच्या एकेका टोकाला. हॉर्नची उरलेली दोन टोकं एकत्र करून काळी वायर थेट बॅटरीच्या मायनसवर न्या. फ्रेमला अर्थ दिला तरी चालतो, पण तिथला रंग खरवडून लोखंड उघडं करावं लागतं आणि पहिल्याच पावसात ते गंजायला लागतं.

आता जुन्या हॉर्नच्या दोन वायरी ८५ आणि ८६ वर, म्हणजे रिलेच्या आतल्या कॉइलच्या दोन टोकांवर, लावा. मूळ वायर कापायची नाही. रिलेच्या पिना ६.३ मिलिमीटरच्या असतात आणि कित्येक बाइकच्या हॉर्नची टोकंही त्याच मापाची, त्यामुळे ती सरळ बसतात. माप वेगळं असेल तर जोडाचा तुकडा बनवा. काही बाइकमध्ये बटण प्लस सोडतं, तर काहींत प्लस कायम असतो आणि बटण अर्थ देतं. दोन्ही वायरी कॉइललाच लावल्या की ही भानगड उरत नाही. फक्त रिलेच्या अंगावरच्या आकृतीत डायोडची खूण (रेघेला टेकलेला त्रिकोण) असेल, तर ८६ प्लसला आणि ८५ मायनसला गेला पाहिजे. कुठली वायर प्लस ते, बॅटरीची मायनस काढण्याआधीच, बटण दाबून मल्टिमीटरने पाहा.

कॉइल जेमतेम ०.१५ अँपिअर घेते, त्यामुळे बटणावरचा ताण मूळ हॉर्नपेक्षाही कमी होतो. काम झाल्यावर मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून हॉर्नच्या दोन टोकांवर धरा आणि बटण दाबा. बॅटरी आणि हॉर्न यांच्यातला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. त्याहून जास्त असेल तर एखादं टर्मिनल नीट क्रिंप झालेलं, म्हणजे वायरीवर पकडीने दाबून बसलेलं, नाही. प्रत्येक टर्मिनल हाताने ओढून बघा. जे सैल असेल ते सुटून हातात येईल.

प्रश्न : फेअरिंगच्या आत जागाच नाही. हॉर्न नेमके कुठे बसवायचे? (पिंपरी)

जागा शोधताना तीन गोष्टी सांभाळा. रेडिएटरच्या तोंडावर हॉर्न येता कामा नये. डिस्क हॉर्नसुद्धा तळहाताएवढी हवा अडवतो, आणि सिग्नलला थांबल्यावर पंखा सारखा फिरायला लागतो. दुसरं, हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून पाहा. तिसरं, आणि हेच सगळ्यात जास्त विसरलं जातं: पुढचा ब्रेक धरून फोर्क (पुढचे शॉक अब्सॉर्बर) दाबा. फोर्क धरणाऱ्या खालच्या क्लँपजवळ लावलेला हॉर्न उभ्या बाइकला मोकळा दिसतो, पण स्पोर्ट बाइकचा फोर्क खड्ड्यात १०० मिलिमीटरहून जास्त बसतो आणि मडगार्ड वर येऊन हॉर्नवर आदळतं. हाताने फोर्क पूर्ण बसत नाही, म्हणून हॉर्न आणि मडगार्ड यांच्यातलं अंतर मोजा. ते फोर्कच्या पूर्ण प्रवासापेक्षा जास्त हवं.

जागा ठरली की हॉर्नसोबत आलेली पोलादी पट्टीच वापरा. ती पातळ आणि लवचिक असते ती मुद्दाम. हॉर्नचं अख्खं अंग थरथरतं आणि पट्टी त्याला डुलू देते. जाड अँगलला आवळून टाकला की आवाज दबतो, आणि काही महिन्यांत बोल्टपाशी तडा जातो. हॉर्नभोवती सगळीकडून बोटभर जागा मोकळी ठेवा. कुठेही फेअरिंगला टेकला तर प्लास्टिक हॉर्नबरोबर खडखडतं आणि तुम्हाला वाटतं हॉर्नच फाटला.

प्रश्न : पावसाळ्यात माझा शंखासारखा हॉर्न बुडबुड आवाज करतो, मग दोन दिवस बंद. (चिपळूण)

शंखाचं तोंड वर किंवा सरळ समोर असणार. पुढच्या चाकाचं पाणी थेट त्यात जातं. तोंड पुढे पण खाली झुकलेलं ठेवा, म्हणजे पाणी आपोआप गळून जाईल. रिलेही पिना खाली करून लावा. कोकणातल्या पावसात टर्मिनलवर हिरवट थर चढतो, तो ब्रशने घासून काढा आणि पेट्रोलियम जेली लावून पुन्हा जोडा. हॉर्नमागच्या छोट्या स्क्रूला लगेच हात लावू नका. रंगाचा ठिपका देऊन तो कारखान्यात बंद केलेला असतो. व्होल्टेज पूर्ण मिळूनही आवाज फाटत असेल तेव्हाच तो पाव फेऱ्याने इकडे-तिकडे करून पाहा आणि सुधारणा नसेल तर मूळ जागी आणा. जास्त फिरवला तर आतले काँटॅक्ट चिकटतात, पडदा हलत नाही आणि कॉइल तापते.

प्रश्न : खोक्यावर ११८ डेसिबल लिहिलंय. पोलिसांनी पकडलं तर? (नाशिक)

आकड्याबरोबर अंतर वाचा. हॉर्नचा आवाज सहसा २ मीटरवर मोजून छापतात. बाइकवर बसवलेल्या हॉर्नची मर्यादा मात्र ७ मीटरवर असते, आणि ७ किलोवॅटहून ताकदवान बाइकसाठी ती ९३ ते ११२ डेसिबल आहे. २ मीटरवरचे ११८ हे ७ मीटरवर १०७ च्या आसपास होतात. दुसरा तेवढाच हॉर्न जोडला की ३ डेसिबल वाढतात, म्हणजे ११०. जोडी मर्यादेत बसते, पण काठावर. अंतर न छापता १३०, १५० असे आकडे टाकलेलं खोकं दुकानातच ठेवा.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११९ क्रमांकाचा नियम एकामागून एक सूर वाजवणाऱ्या आणि कर्णकर्कश हॉर्नला मनाई करतो. हाय-लो जोडी एकाच वेळी वाजते, त्यामुळे ती त्यात येत नाही. साधारण ४०० आणि ५०० हर्ट्झचे दोन सूर असतात. गाणाऱ्यांना कळेल, हे सा आणि शुद्ध गंधाराचं नातं आहे, म्हणून जोडी मोठी असूनही कानाला बोचत नाही. हॉर्नवर आयएस १८८४ ची खूण पाहून घ्या. विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवल्यास पहिल्यांदा १,००० आणि नंतर २,००० रुपये दंड आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरचं शांतता क्षेत्र असतं, तिथे तर अजिबात नाही. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ हॉर्न फक्त आणीबाणीत.

प्रश्न : ताम्हिणीत वळणावर ऐकू जावा म्हणून कॉम्प्रेसरचा एअर हॉर्न लावू का? (पुणे)

आमचा सल्ला, नको. असा हॉर्न १५ ते २० अँपिअर ओढतो. दोन सेकंद वाजवल्याने बॅटरी रिकामी होत नाही, पण ४-५ अँपिअर-तासाच्या छोट्या आणि जुन्या बॅटरीचं व्होल्टेज त्या क्षणी इतकं खाली येतं की एबीएसचा दिवा लागू शकतो. वळणाच्या ऐन तोंडावर हे कुणाला हवंय? शिवाय कॉम्प्रेसरला दाब भरायला क्षणभर लागतो, आणि हॉर्नची गरज नेमकी त्या क्षणातच असते. वळणापलीकडे आणि ट्रकच्या बंद केबिनमध्ये पोचतो तो खालचा सूर. उंच सूर डोंगर आणि काच दोघेही अडवतात. म्हणून एकच हॉर्न वाढवायचा असेल तर लो टोनचा घ्या, आणि तो रिलेवरच घ्या.

प्रश्न : रिले लावला, पण परवा बटण सोडूनही हॉर्न वाजतच राहिला. (कोल्हापूर)

रिलेचे काँटॅक्ट वितळून चिकटले असावेत. तात्पुरता इलाज म्हणजे त्याचा स्वतंत्र फ्यूज उपटायचा. म्हणून होल्डर हाताला लागेल असा सीटखाली ठेवावा. नंतर रिले काढा आणि फ्यूज परत लावून पाहा: हॉर्न थांबला तर रिले बदला, थांबला नाही तर ८७ ची वायर कुठेतरी सोलून प्लसला टेकली आहे. नवा रिले इंजिनच्या आणि रेडिएटरच्या गरम हवेपासून दूर लावा. बटण दाबल्यावर तो एकदाच 'टक' करायला हवा. 'कर्रर्र' आवाज आला तर कॉइलला व्होल्टेज कमी पडतंय. अशा थरथरीत दर वेळी ठिणगी उडते आणि काँटॅक्ट पुन्हा चिकटतात. बटणाचा काँटॅक्ट स्प्रेने साफ करा, आणि तरीही थांबलं नाही तर बॅटरी तपासून घ्या.