वाचकांचे प्रश्न : निळूभाऊंचा स्मृतिदिन

१३ जुलैला निळू फुले यांचा स्मृतिदिन. आमच्या मंडळाला समाजमंदिरात त्यांचा ‘सामना’ हा चित्रपट दाखवायचा आहे. प्रवेश फुकट आहे. यूट्यूबवरून लावला तर चालेल ना? तयारी काय करावी?
– एक वाचक, कराड

फुकट दाखवला तरी परवानगी लागते. हौशी मंडळाने बिनतिकीट नाटक केलं तर कायद्यात सवलत आहे, सिनेमाला ती नाही. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो आणि ‘सामना’ सत्तरच्या दशकातला आहे. निर्माते रामदास फुटाणे. पण जुन्या चित्रपटांचे हक्क पुढे विकले गेलेले असू शकतात, म्हणून ‘सार्वजनिक प्रदर्शनाचे हक्क सध्या कुणाकडे आहेत’ हे आधी लेखी विचारा. पत्रात तारीख, जागा, खुर्च्यांची संख्या आणि तिकीट नाही हे चारही मुद्दे येऊ द्या. महिनाभर आधी पत्र गेलं तर उत्तराची वाट पाहायला वेळ राहतो.

आता खरी अडचण. निळूभाऊंचा हिंदूराव धोंडे पाटील ओरडणारा नाही. मास्तर (डॉ. श्रीराम लागू) ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ विचारत राहतात, तेव्हा साखर कारखान्याचा हा मालक आवाज खाली नेतो आणि धाक वाढवतो. समाजमंदिरात नेमकं हेच ऐकू येत नाही, कारण वर पंखे गरगरत असतात, जुलैचा पाऊस पत्र्यावर कोसळत असतो आणि स्पीकर मागच्या भिंतीला टांगलेले असतात. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या थोडे वर ठेवा. बास कमी करा, नाहीतर घोगरा आवाज नुसता घुमतो. आवाजाची चाचणी गाण्यावर घेऊ नका. सगळ्यात हळू बोललेला प्रसंग लावा, पंखे चालू ठेवा आणि शेवटच्या रांगेत बसून ऐका. पत्र्याचं छप्पर असेल तर सरळ शाळेचा स्लॅबचा हॉल मागा.

जुन्या फायलीत पुष्कळदा आवाज एकाच बाजूच्या स्पीकरमधून येतो. लॅपटॉपवर ‘मोनो ऑडिओ’ चालू केलं की दोन्हीकडून येतो. चित्र जवळजवळ चौकोनी आहे. पडदा भरावा म्हणून ते ताणलं तर चेहरे पसरट होतात, तेव्हा प्रोजेक्टरवर ४:३ निवडा आणि कडेला काळ्या पट्ट्या राहू द्या. १० फुटी पडद्याला अंधाऱ्या हॉलमध्ये ३,००० ल्युमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) पुरतात. खिडक्यांना मात्र काळं कापड हवं, कृष्णधवल चित्राला उजेड लगेच खातो. फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि आदल्या दिवशी शेवटपर्यंत चालवून बघा.

कार्यक्रमात एक मुलगा निळूभाऊंची नक्कल करणार आहे. दोन मिनिटांत त्याचा घसा बसतो. का?
– एक वाचक, बार्शी

घसा आवळून घोगरेपणा आणतो म्हणून. त्याला सांगा, आवाज दाबायचा नाही, श्वासासकट खाली सोडायचा. निम्मं काम डोळ्यांनी होतं: पापण्या अर्ध्या मिटलेल्या, मान किंचित कलती, वाक्याच्या अलीकडे एक थांबा. नकलाकार तो थांबाच खातात. आणि नक्कल एवढीच आठवण होऊ नये. वाड्यावरच्या पाटलापलीकडे ते पुष्कळ उरतात. ‘सिंहासन’मधला पत्रकार दिगू टिपणीस हा काही खलनायक नव्हे, आणि रंगभूमीवरचा ‘सखाराम बाइंडर’ही त्या साच्यातला नव्हता. मुलाला हिंदूराव आणि दिगू दोन्ही पाहायला लावा, मग त्याने ठरवावं.

फोटोला हार, समई, असं सगळं करावं का?
– एक वाचक, सांगली

फोटो आणि फुलं ठेवा, एवढं पुरे. राष्ट्र सेवा दलातून आलेला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामामागे उभा राहिलेला माणूस होता. कार्यकर्त्यांना मानधन देता यावं म्हणून उभ्या राहिलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागूंबरोबर तेही झटले. हाराचे पैसे एखाद्या कार्यकर्त्याला द्या. बोलणाऱ्यांना प्रत्येकी तीनच मिनिटं द्या आणि अट घाला: चित्रपट किंवा नाटक, भूमिका आणि एक प्रसंग, तिन्हींची नावं घ्यायची. ‘महान’, ‘अष्टपैलू’ असली विशेषणं आपोआप गळतात.

२००९ साली ते गेले तेव्हाची वर्तमानपत्रांची कात्रणं वडिलांनी वहीत चिकटवली होती. पिवळी पडून तुटताहेत. लोकनाट्याची एक कॅसेटही आहे. प्रदर्शनात मांडायची तर काय करू?
– एक वाचक, नाशिक

लॅमिनेट मुळीच करू नका. वर्तमानपत्राच्या कागदातच आम्ल असतं. प्लास्टिकमध्ये ते कोंडतं आणि मग कात्रण परत काढताही येत नाही. सेलोटेप तर त्याहून वाईट. काही वर्षांत तिचा गोंद तपकिरी होऊन अक्षरांत झिरपतो, टेप सुटून पडते आणि डाग राहतो. चिकटवलेलं उपटू नका, पान वहीसकट स्कॅन करा: ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), रंगीत, टिफ फाइल. फाइलच्या नावात वर्तमानपत्र आणि तारीख घाला. कात्रणावर तारीख नसेल तर मागची बाजूही स्कॅन करा, जाहिरातीवरून किंवा क्रिकेटच्या धावफलकावरून दिवस सापडतो. प्रदर्शनात छापील प्रती लावा. मूळ वही आम्लमुक्त कागदात गुंडाळून कपाटाच्या मधल्या फळीवर आडवी ठेवा. खालच्या फळीला ओल लागते, माळ्यावर उष्णता.

कॅसेट लगेच वाजवू नका. कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी असू शकते. एकदा वाजवलीत की टेपरेकॉर्डरच्या हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटला जाते. फितीमागचा नमद्याचा (फेल्टचा) छोटा तुकडा गळून पडला असेल तर आवाज दबका येतो. पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर फीत दुसऱ्या कॅसेटच्या चांगल्या खोक्यात बदलता येते, चिकटवलेली असेल तर हे काम जाणकाराकडेच द्या. फीत सुस्थितीत असेल तर आधी एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण गुंडाळून घ्या, मग एकाच खेपेत वेव्ह फाइलमध्ये उतरवा. खरखर काढायचे प्रयोग प्रतीवर करा. त्या खरखरीसोबत श्वासही निघून जातो, आणि निळूभाऊंच्या आवाजात तोच तर निम्मा आहे.