नीलकंठ चुकला, आता पुढे?

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. संध्याकाळी घरी नववी-दहावीची पाच मुलं शिकवणीला येतात. ठरलं होतं गणित-विज्ञानाचं, पण ती भूगोल, मराठी व्याकरण, काहीही विचारतात. परवा एकानं ‘नीलकंठ’चा समास विचारला. मी ठोकून दिलं, कर्मधारय. शाळेत त्याला सगळ्यांसमोर बोलणी बसली. इतर विषयांचं सांगणं बंद करू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बंद कशाला? आधी त्या पोराला इतर चौघांदेखत सांगा, “माझं चुकलं.” मी ३१ वर्षं शिकवण्या घेतल्या, एवढंसं वाक्य तोंडातून निघायला मला त्यातली पहिली पाच लागली. तसा तुमचा समास अगदीच हवेतला नव्हता. नुसता ‘निळा कंठ’ म्हटलं तर कर्मधारयच. पण निळा आहे कंठ ज्याचा तो, म्हणजे शंकर, असा अर्थ असला की बहुव्रीही. यापुढे आधी विग्रह लिहून घ्या, समासाचं नाव मागून.

आणि एक सांगते. मूल विचारतं एका विषयाचं, अडलेलं असतं भलत्याच ठिकाणी. माझ्याकडची एक मुलगी बीजगणिताचं उदाहरण घेऊन आली : दोन अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ९, अंकांची अदलाबदल केली की संख्या २७ने वाढते. दशकाचा अंक क्ष, एककाचा य मानून तिनं संख्या लिहिली ‘क्षय’. (मला हसू आवरेना, तिला कळेना का.) समीकरणं तिला येत होती. अडलं होतं तिसरीतल्या दशक-एककात. “छत्तीस म्हणजे किती दशक?” विचारल्यावर ती थांबली, खोडलं, १०क्ष + य लिहिलं. उत्तरही ३६च निघालं, तेव्हा माझ्यावरच रागावली.

भिंगाच्या गणिताचंही तेच. नाभीय अंतर २० सेंमी, वस्तू ३० सेंमीवर. मुलं वस्तूचं अंतर धन घेतात आणि प्रतिमा १२ सेंमीवर आणून ठेवतात. ऋण ३० घेतलं की ६० येतं. चिन्हांचे नियम पाठ करून घेऊ नका. भिंगाच्या मध्यावर शून्य मांडून संख्यारेषा काढायला लावा, ती त्यांना गणितात येतेच.

न येणाऱ्या विषयाला “उद्या बघून सांगतो” म्हणा, आणि उद्या खरंच सांगा. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात; भूगोलाचं आजच उतरवून घ्या. त्यातली प्रमाणवेळ तुम्हालाही आवडेल. आपलं घड्याळ चालतं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावर. सांगली त्याच्या सुमारे ८ अंश पश्चिमेला, अंशाला ४ मिनिटं. म्हणजे आपला सूर्य साधारण ३२ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, महिन्यानुसार थोडा मागेपुढे. रविवारी मुलांना अंगणात काठी रोवायला सांगा आणि बारापासून दर पाच मिनिटांनी सावली मोजू द्या. सर्वांत आखूड किती वाजता भरली, ते मला कळवा.