पिवळ्या फुलांची वेल आणि हरवलेला तेरडा

प्रश्न : ताई, मुलुंड पूर्वेला आमची चाळीस वर्षं जुनी सोसायटी आहे. कंपाउंडच्या भिंतीलगत साधारण ३० फूट लांब आणि ८ फूट रुंद मातीचा पट्टा आहे. चार वर्षांपूर्वी माळ्याने तिथे पिवळ्या फुलांची एक वेल लावली. ‘पाणी नको, खत नको, बारा महिने हिरवं’ असं तो म्हणाला होता आणि ते खरंही ठरलं. पण आता ती पार्किंगच्या लाद्यांवर आली आहे, जास्वंदीच्या बुंध्यात शिरली आहे आणि पावसाळी गटाराच्या जाळीतून आत उतरली आहे. दर दोन महिन्यांनी मशीनने कापून घेतो, महिन्याभरात पुन्हा जैसे थे. कमिटीत दोन तट पडलेत. काही म्हणतात, हिरवळ आहे, राहू द्या. काही म्हणतात, औषध मारून जाळून टाका. पाऊस दीड महिन्यावर आला आहे. आम्ही काय करावं? — सोसायटीचे सेक्रेटरी, मुलुंड पूर्व

उत्तर : तुमच्या पाकिटातून वाळलेलं एक पान आलं. टोकाकडे दोन्ही बाजूंना एकेक दात आणि मधे एक, असा तीन खंडांचा आकार वाळल्यावरही स्पष्ट दिसतो. ही वेडेलिया. नर्सरीत हेच नाव चालतं, कुणी सिंगापूर डेझी म्हणतं. नाव सिंगापूरचं असलं तरी ती मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली आणि कॅरिबियन बेटांवरची. वनस्पतिशास्त्रात तिचं आजचं नाव स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा, आणि त्यातला ‘ट्रायलोबाटा’ म्हणजेच तीन खंडांची.

उपाय सांगण्याआधी माझा अनुभव सांगते, कारण हे उत्तर मी त्या अनुभवावरूनच देते आहे. २००९ साली मी आमच्या पार्ल्याच्या इमारतीमागच्या उताराच्या तुकड्यात हीच वेल लावली. पावसात तिथली माती वाहून जायची, म्हणून रस्त्याकडेच्या एका नर्सरीतून काळ्या पिशव्यांतली सहा रोपं आणली होती. पहिल्या पावसाळ्यात माती थांबली, मला फार आनंद झाला. दुसऱ्या वर्षी आषाढात सासूबाई खिडकीत उभ्या राहून म्हणाल्या, “यंदा तेरडा दिसत नाही गं कुठे.” त्या कोपऱ्यात तेरडा दर वर्षी आपोआप उगवायचा, कुणी पेरलेला नव्हता. भाद्रपदात गौरी आणायच्या दिवशी त्या तिथूनच पाच रोपं मुळासकट उपटायच्या. आमच्याकडे तेरड्याची गौर असते.

मी खाली गेले आणि वेडेलियाचं अंथरूण हाताने उचललं. वीतभर जाड झालं होतं ते. खाली तेरडा होता. पांढुरके, दोऱ्यासारखे बारीक देठ, टोकाला दोन फिकट पानं, सगळे आडवे पडलेले. बी रुजलं होतं, पण वर यायला उजेडच नव्हता. त्या वर्षी गौर दादरच्या बाजारातून आणली. सासूबाई बोलल्या काहीच नाहीत, पण त्या कोपऱ्यात जायचं त्यांनी सोडून दिलं. मला ते फार लागलं.

तेव्हा तुमच्या कमिटीतल्या ‘हिरवळ आहे, राहू द्या’ म्हणणाऱ्यांना एवढं विचारा, की चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्या पट्ट्यात काय काय उगवायचं ते आठवतं का? मुंबईच्या मातीत पहिल्या पावसानंतर किती तरी गोष्टी न लावता येतात. टाकळा, आघाडा, दूर्वा, माका, तेरडा. गणपतीची पत्री जुन्या वाड्या-चाळींत अंगणातूनच खुडली जायची. वेडेलिया यातल्या कुणालाच डोकं वर काढू देत नाही. तुमच्या पट्ट्यात आज हिरवं दिसतंय ते एकाच झाडाचं हिरवं आहे.

आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने २००० साली जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जीवजातींची यादी काढली, तिच्यात ही वेल आहे. आपली घाणेरी, जलपर्णी आणि कोकणातली रानमोडीही त्याच यादीत आहेत. घाणेरीसुद्धा एके काळी बागेत शोभेसाठीच आणली गेली होती.

आता मशीनने कापूनही ती का जात नाही ते सांगते. एक दोर उचलून नीट बघा. दर तीन-चार बोटांवर एक पेर आहे आणि जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेराला पांढरी मुळं फुटलेली आहेत. ही वेल बियांनी क्वचितच पसरते, पसरते ती तुकड्यांनी. एक पेर शिल्लक असलेला बोटभर तुकडा ओलीवर पडला की नवं झाड तयार. गवत कापायचं मशीन तिचे शेकडो तुकडे करतं आणि पट्टाभर उडवतं. म्हणजे दर दोन महिन्यांनी तुम्ही पैसे देऊन तिची लागवडच करून घेत होता. मशीन आजच बंद करा. बाकी काहीच जमलं नाही तरी एवढं नक्की करा.

औषध मारू नका. तणनाशकाने वरचा पाला जळेल, पण इतक्या जाड थराच्या खालच्या दोरांपर्यंत ते सारखं पोचत नाही आणि पंधरा दिवसांत पेरांतून कोंब येतात. जास्वंद मात्र कायमची जाईल. शिवाय तुमच्याकडे ते गटार आहे. मुलुंड पूर्वेचं पावसाचं पाणी शेवटी ठाण्याच्या खाडीकडे जातं. तिथे औषधही जायला नको आणि वेलीचे तुकडेही. ही वेल खारी हवा सोसते, ओल सोसते, खाडीकाठीही तग धरते. कुणी मीठ टाकायचा सल्ला देईल, तोही ऐकू नका. मिठाने माती वर्षानुवर्षं नापीक होते आणि भिंतीच्या पायथ्याशी मीठ मुरलं की गिलाव्याला लोणा लागतो. चाळीस वर्षांच्या भिंतीला ते परवडणार नाही.

हातानेच काढायची, आणि तुम्ही पत्र अगदी योग्य वेळी पाठवलंत. एप्रिल-मेचं ऊन हे या कामातलं सर्वांत मोठं हत्यार आहे. आदल्या संध्याकाळी पट्ट्याला भरपूर पाणी द्या, म्हणजे सकाळी दोर तुटत नाहीत, मुळासकट येतात. सुरुवात बाहेरच्या कडेपासून करा, लाद्यांच्या आणि गटाराच्या बाजूने, आणि आत भिंतीकडे सरका. एक दोर हातात धरायचा, विहिरीचा दोर ओढावा तसा सावकाश ओढायचा, जिथे अडकेल तिथे खुरप्याने खालून माती सैल करायची आणि पुढे जायचं. झटका दिला की तो पेरावर तुटतो आणि खालचं मूळ आत राहतं. जास्वंदीच्या बुंध्यात कुदळ नको, तिथे बोटांनीच. जाळी उचलून गटारातले दोरही आत्ताच ओढून काढा. पाऊस सुरू झाला की त्यात पाला अडकून पाणी तुंबेल.

माझ्या तुकड्याला चार रविवार लागले होते आणि अकरा गोण्या निघाल्या. तुमचा पट्टा मोठा आहे. दोन माणसं लावून आठवडा धरा आणि शक्यतो सोसायटीतल्या एकाने समोर थांबावं. हातात काठी असू द्या. इतक्या जाड थराखाली घुशींची बिळं हमखास असतात, आणि मधेच फेकलेले प्लॅस्टिकचे पेले आणि करवंट्याही सापडतील. त्यात पावसाचं पाणी साचून डास होतात आणि वरून काहीच दिसत नाही. हातमोजे आणि बूट घालूनच काम करा.

काढलेल्या वेलीचं काय करायचं, इथे बहुतेकांची चूक होते. ताजी वेल कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका, तो खड्डाच तिचा वाफा होईल. नाल्याकाठी किंवा शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर तर अजिबात नको. गच्चीवर किंवा सिमेंटच्या मोकळ्या जागेत, मातीला स्पर्श होणार नाही अशी पातळ पसरा आणि दर तीन दिवसांनी उलथी करा. मेच्या उन्हात दोन-तीन आठवड्यांत दोर काड्यांसारखे कडकडीत मोडले पाहिजेत. वाकवल्यावर नुसता वाकतो, मोडत नाही, तो दोर अजून जिवंत आहे. पूर्ण वाळल्यावर खुशाल कंपोस्टमध्ये घाला.

मोकळ्या झालेल्या मातीवर जुने पुठ्ठ्याचे खोके उलगडून, एकमेकांवर वीतभर चढवून अंथरा. चिकटपट्ट्या आधी काढून टाका. पुठ्ठे भिजवा आणि वर वाळका पालापाचोळा पसरा, सहा इंच तरी. झाडांच्या बुंध्याभोवती मात्र चार बोटं जागा मोकळी ठेवा. बुंध्याला ओला पाला चिकटून राहिला की साल कुजते.

तरीही पावसाळ्यात कोंब येतील. जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत दर आठवड्याला एक फेरी मारायची. ओल्या मातीतून कोंब दोन बोटांनी सहज निघतो, आणि अर्ध्या तासाचं काम असतं. हे जो मनावर घेईल अशा एका माणसाचं नाव मीटिंगमध्येच लिहून घ्या. माझ्याकडे पहिल्या वर्षी दर रविवारी मूठभर कोंब निघायचे, दुसऱ्या वर्षी महिन्यातून दोन-चार, तिसऱ्या वर्षी एकही नाही.

जागा रिकामी ठेवायची नाही. भिंतीच्या सावलीत ओल राहत असेल तिथे ब्राह्मी लावा, गोल पानांची, जिला मंडूकपर्णीही म्हणतात. तीही पसरते, पण तिचा थर पातळ असतो आणि हाताने सहज आवरते. थोडं ऊन असेल तर अबोली, आणि पुढच्या कडेला रेन लिलीचे कंद, पहिल्या सरीनंतर त्यांना फुलं येतात. आणि एक चार फुटांचा तुकडा, पुठ्ठा न घालता, तेरड्यासाठी ठेवा. मृगाच्या पावसाआधी बी नुसतं मातीवर टाकून हाताने हलकेच दाबायचं, खोल पुरायचं नाही. एकदा शेंगा तडकल्या की पुढच्या वर्षीचं बी तो स्वतःच पेरतो. तुम्हाला बी हवं असेल तर स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. गेल्या भाद्रपदात जमवलेलं माझ्याकडे कॉफीच्या बाटलीत ठेवलेलं आहे, गुलाबी आणि जांभळं दोन्ही.

प्रश्न : आम्ही गिरगावात चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीच्या कठड्याला टांगलेल्या कुंडीत वेडेलिया आहे. फुलं छान येतात. ती वाईट असते असं वाचलं. काढून टाकू का? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : काढू नका. कुंडीत ती गुणी आहे, कडक ऊन आणि समुद्राचा वारा दोन्ही सोसते. तिचा त्रास सुरू होतो तो मातीला टेकल्यावर. दोर कठड्याखाली दोन फुटांपेक्षा लांब जाऊ देऊ नका आणि छाटलेले तुकडे खाली चाळीच्या मागच्या बोळात टाकू नका. वर्तमानपत्रावर गॅलरीतच वाळवा, मग टाका. आणि ओळखीत कुणाला फांद्या देताना विचारून घ्या, कुंडीत लावणार की जमिनीत.

प्रश्न : आमच्या इमारतीच्या आवारात माका खूप पसरला आहे. आई म्हणते, केसांच्या तेलासाठी हाच वापरायचा. फांदी पाठवते आहे. तेलात घातला तर चालेल ना? — एक वाचक, गोरेगाव पश्चिम

उत्तर : फांदी मिळाली, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत ती कुजून काळी पडली होती. तरी एक फूल शाबूत होतं, पिवळं, रुपयाच्या नाण्याएवढं. म्हणजे हा साधा माका नाही, ही बहुधा वरच्या पत्रातलीच वेडेलिया आहे. तेलात घालू नका आणि पोटात तर मुळीच घेऊ नका.

आईंचा गोंधळ मी समजू शकते, कारण पिवळा माका नावाचीही एक वनस्पती आहे, आणि ती वेडेलियाची जवळची नातलग आहे. पण तिची पानं लांबट असतात, त्यांना तीन खंड नसतात. आईंना हवा आहे तो साधा माका, म्हणजे भृंगराज. त्याचं फूल पांढरं आणि अगदी छोटं असतं, शर्टाच्या बटणाहूनही लहान. पान अरुंद आणि खरखरीत असतं, वेडेलियाच्या पानासारखं गुळगुळीत चकचकीत नसतं. खात्री करायची असेल तर त्याची कोवळी फांदी बोटांत चुरगळा आणि थोडा वेळ थांबा. माक्याचा रस हिरवा निघतो आणि बघता बघता काळपट होतो, बोटांना डाग पडतो. आईंना तो डाग नक्की आठवत असेल, त्यांनाच दाखवून घ्या.

खरा माका तुमच्या आवारात असलाच तर पाण्याच्या टाकीजवळ किंवा नळाखालच्या ओलीत शोधा, आणि श्रावणात बघा, आत्ता उन्हाळ्यात तो मिळणं कठीण. तेव्हा फांदी पाठवाल ती फुलासकट, वर्तमानपत्राच्या घडीत दाबून पाठवा.