गेटापाशी थांबलेले आईवडील

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून रुजू झालीस हे वाचून फार आनंद झाला. ‘मुलींचं मी बघेन, पण त्यांच्या आईवडिलांशी काय बोलायचं तेच सुचत नाही,’ असं तू लिहिलंस. मलाही सुचत नसे. पालकांना लवकरात लवकर गेटाबाहेर काढणं म्हणजेच शिस्त, असं मी पहिली काही वर्षं धरून चालले. ते एका मुलीला महागात पडलं, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

जालन्याकडची मुलगी होती. गादी, बादली, पत्र्याची पेटी आणि शेंगदाण्याच्या चटणीची बरणी घेऊन आईवडील सोडायला आले होते. आईने खिडकीची कडी तीनदा लावून पाहिली. मी म्हटलं, “निघा आता, मुलगी मोठी झाली.” दोघं मुकाट्याने बाहेर पडले आणि गाडीची वेळ होईपर्यंत रस्त्यापलीकडे उभे राहिले. पुढे रोज रात्री आईचा फोन यायचा. “जेवलीस का?” “हो.” “अभ्यास चालू आहे ना?” “हो.” प्रत्यक्षात ती रात्री मेसमध्ये जातच नव्हती. ताट घेऊन एकटीने बसायचं तिच्या जिवावर यायचं, म्हणून बिस्किटं खाऊन झोपायची. दिवाळीला गेली ती परत आली नाही. आईवडिलांच्या मायेत काही कमी नव्हतं. काय विचारायचं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि ते सांगणं माझं काम होतं.

म्हणून ‘आता तुमचं काम संपलं’ असं कुठल्याही पालकाला म्हणू नकोस. काम बदललं आहे. ते कसं, हे पहिल्याच दिवशी बसवून, चहा देऊन सांग. ‘जेवलीस का’ऐवजी ‘आज कोणाबरोबर जेवलीस?’ असं विचारा म्हणावं. या प्रश्नाला नुसतं ‘हो’ म्हणून सुटता येत नाही. एखाद्या मैत्रिणीचं नाव येतं, नाहीतर गप्प बसणं ऐकू येतं. तीन आठवडे एकही नाव कानावर आलं नाही, तर तुला फोन करायला सांग. त्यासाठी स्वतःचा नंबर कागदावर लिहून दे. आईच्या हातात तो कागद असणं ही मोठी गोष्ट असते.

दुसरं म्हणजे ती फाइल. ती बहुतेक वेळा वडिलांच्या काखेत असते. जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला सगळं त्यात, आणि कुठला कागद कशासाठी हे मुलीला ठाऊक नसतं. तुझ्यासमोरच ती मुलीच्या हातात द्यायला लाव. 2024 च्या जुलैमध्ये शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) कुटुंबांतल्या मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. फार चांगली गोष्ट झाली. पण ‘सगळं माफ आहे’ असं समजून आलेल्या पालकांना खोलीचं भाडं आणि मेसचं बिल वेगळं असतं, हे तुलाच समजावून सांगावं लागेल. महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावरचा शिष्यवृत्ती-शुल्कमाफीचा अर्ज मुलीने स्वतः भरावा, वडिलांनी शेजारी बसावं. दरवर्षी नूतनीकरण करायचं असतं, आणि दरवर्षी वडील पुण्याला येऊ शकणार नाहीत.

रॅगिंगच्या प्रतिज्ञापत्रावर पालक न वाचताच सही करतात. तू थांबवून वाचून दाखव. आपल्या राज्यात 1999 पासून यासाठी कायदा आहे आणि लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखांना सात दिवसांत चौकशी करावी लागते, हे कळलं की वडिलांचा चेहरा जरा सैल होतो. त्याच कागदावर 1800-180-5522 ही देशभरची रॅगिंगविरोधी हेल्पलाइन लिहून दे, आणि 14416 सुद्धा. ती टेलि-मानस, मनावरच्या ताणासाठी. दिवसरात्र चालू असते, मराठीतून बोलता येतं. आईवडिलांनीही लावली तरी चालते, हे मुद्दाम सांग.

पहिल्या आठवड्यात मुली रडतात. आई ‘येते मी न्यायला’ म्हणते. तिला म्हणावं, रडणं ऐकून घ्या, लगेच निघू नका. गौरी-गणपतीला घरी यायचं ठरवून टाका, म्हणजे तिला दिवस मोजता येतात. मात्र खाणं, झोप सुटली, वर्गात जाणं थांबलं, तर सणाची वाट पाहू नका. हा फरक पालकांना नीट समजेपर्यंत सांगत जा, दोनदा सांगावं लागलं तरी सांग.

आणि मार्क. दहावी-बारावीला नव्वदच्या वर असलेल्या मुलीला पहिल्याच सेमिस्टरला केटी लागते, म्हणजे एखादा विषय राहतो, आणि ती घरी सांगत नाही. निकालाच्या आधीच पालकांना कल्पना देऊन ठेव. ‘काय झालं ते आधी आम्हाला सांग, मग बघू’ हे वाक्य वडिलांच्या तोंडून मुलीने निकालाआधी ऐकलेलं असलं, तर तिचा जीव बराच हलका होतो.

प्रवेश सुरू व्हायच्या आत गेटाच्या आतल्या बाजूला, सावलीत, एक बाक टाकून घे. शेजारी पाण्याचा माठ ठेव. ज्यांना गाडीची वेळ होईपर्यंत बसायचं आहे त्यांना बसू दे.

पहिल्या दिवशी रात्री मला फोन कर. कुठून कुठून मुली आल्या ते सांग, आणि तू कोणाबरोबर जेवलीस तेही.

तुझी,
ताई