रात्रीची खुमारी नव्हे, रात्रीची बाधली

एका वाचक भगिनीचा प्रश्न आहे. त्या मालिकांची मराठी उपशीर्षकं लिहितात. एका प्रसंगात नायक सकाळी डोकं धरून बसलेला आहे आणि मूळ संवादात 'हँगओव्हर' हा शब्द आहे. त्यांनी लिहिलं, "कालची खुमारी अजून उतरली नाही, डोकं फुटतंय." तपासणाऱ्यांनी 'खुमारी' खोडून तिथे 'मदात्यय' घातलं. या दोघांत बरोबर कोण, आणि हँगओव्हर 'उतरतो' म्हणायचं की 'जातो', असं त्या विचारतात.

दोन्ही शब्द चुकले. नायकाच्या तोंडी "रात्रीची बाधली" हे वाक्य घाला, विषय संपला. मराठीत ऊन बाधतं, जागरण बाधतं, शिळं बाधतं, तशी दारूही बाधते. 'रात्रीची' म्हटलं की कसली हे सांगावं लागत नाही. एवढं सरळ, घरातलं क्रियापद हाताशी असताना आपण नाम शोधत का फिरतो हे मला खरंच कळत नाही. इंग्रजीत तिथे नाम आहे, म्हणून मराठीतही नामच हवं असा काही नियम नाही.

आता 'खुमारी'कडे येतो, कारण या शब्दावर माझा फार जीव आहे. आज मराठीत खुमारी म्हणजे रंगत, लज्जत. गप्पांना खुमारी येते, एखाद्या किश्शाने भाषणाची खुमारी वाढते. त्यामुळे "खुमारीने डोकं फुटतंय" हे वाक्य मराठी कानाला "लज्जतीने पोट दुखतंय" असं ऐकू येतं. पण या शब्दाचा मूळ अर्थ नेमका हँगओव्हर हाच आहे! अरबीत 'खुमार' म्हणजे मद्याचा अंमल ओसरल्यावर येणारी डोकेदुखी आणि ग्लानी. बाईंनी हा शब्द मुळाशी जाऊन उचलला असेल, तर त्यांची चूक शे-दीडशे पिढ्यांच्या नव्हे, फक्त काही शतकांच्या अंतराची आहे.

अरबीत शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर साचे चढवून घडतात. ख-म-र या धातूचा अर्थ झाकणं. त्यावरून 'खम्र' म्हणजे मद्य, 'खिमार' म्हणजे डोकं झाकणारं वस्त्र, 'खमीर' म्हणजे आंबवलेलं पीठ. मद्याला हे नाव का पडलं याबद्दल जुन्या अरबी कोशकारांतही दोन मतं आहेत. बुद्धीवर पडदा टाकतं म्हणून, असं काही म्हणतात; रस झाकून आंबवतात म्हणून, असं दुसरे म्हणतात. मी दुसऱ्या मताचा आहे. बुद्धीवरचा पडदा ही सुंदर कल्पना आहे, पण आंबवणाऱ्या माणसाने आधी भांड्यावर झाकण ठेवलेलं असतं. 'खमीर' हा सख्खा भाऊ शेजारी उभा असताना कवीकल्पनेकडे धावायची गरज नाही.

खरी गंमत साच्यात आहे. पहिल्या अक्षराला उकार आणि दुसऱ्याला आकार हा अरबीतला रोगांचा ठरलेला साचा आहे. 'सुआल' म्हणजे खोकला. 'सुदाअ' म्हणजे डोकेदुखी. 'दुवार' म्हणजे भोवळ. 'जुकाम' म्हणजे पडसं. हा शब्द तर हिंदीतून आपल्या रोजच्या कानावरचा. त्याच ओळीत 'खुमार' बसतो. शब्द घडवणाऱ्यांनी त्याला आनंदाच्या खणात ठेवलंच नव्हतं, पडशा-खोकल्याच्या खणात ठेवलं होतं. (उकार-आकार दिसला की लगेच रोग, असं मात्र समजू नका. 'जुलाब' या साच्यातला वाटतो, पण तो फारसी 'गुलाब', म्हणजे गुलाबपाणी, अरबीत जाऊन परत आलेला आहे.)

मग हा रोग लज्जतीपर्यंत पोचला कसा? माझं मत असं की ही करामत डोळ्यांची आहे. फारसी आणि उर्दू कवितेत प्रियेचे डोळे खुमारलेले असतात: अर्धे मिटलेले, जड, सुस्त. सकाळी दारू उतरलेल्या माणसाचे पापण्या न उचलणारे डोळे आठवा आणि तेच डोळे प्रेमात पडलेल्या माणसाला कसे दिसतील ते बघा. लक्षण तेच राहिलं, बघणारा बदलला. तिथून 'खुमार' हळूहळू नशेच्या रेंगाळणाऱ्या सुखाकडे सरकला आणि मराठीत येऊन 'खुमारी'त नुसतं सुख उरलं. डोकेदुखी वाटेत कुठेतरी गळून पडली.

आणि आता तोच प्रकार डोळ्यांदेखत पुन्हा चाललाय, म्हणून मला राग येतो. "विजयाचा हँगओव्हर", "त्या गाण्याचा हँगओव्हर अजून आहे" अशी वाक्यं मी रोज ऐकतो. बोलणाऱ्याला सांगायचं असतं की मजा अजून टिकून आहे. अहो, हँगओव्हर मजा संपल्यावर येतो! मजा टिकून असेल तर ती नशा, धुंदी, कैफ किंवा झिंग. आणि खुमारी तर आहेच, आपणच गोड करून ठेवलेली. पाच शब्द घरात असताना दुखण्याचं नाव उसनं आणून ते आनंदाला द्यायचं, हा भाषेचा विकास आहे असं मला कुणी सांगू नये. इंग्रजीत या शब्दाचा आधीचा अर्थ 'मागे उरलेली गोष्ट' एवढाच होता; दारूनंतरच्या त्रासाला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, 1904च्या सुमारास लागला. दोरीला अडकून झोपणाऱ्या दारुड्यांवरून हा शब्द आला, ही गोष्ट निव्वळ भाकडकथा आहे. ती कृपया पुढे पाठवू नका.

आता 'मदात्यय'. तपासणाऱ्यांनी संस्कृतचा आधार घेतला, आणि तो घेताना अर्धंच वाचलं. त्यांची वाट मला दिसते. घनात्यय म्हणजे ढग सरल्यावरचा काळ, शरद. तपात्यय म्हणजे उन्हाळा सरल्यावरचा, पावसाळा. मग मदात्यय म्हणजे मद सरल्यावरचा काळ! व्याकरणाने हे बसतं, पण वैद्यकात बसत नाही. 'अत्यय'चा दुसरा अर्थ हानी, संकट. 'प्राणात्यय' म्हणजे जिवावरचं संकट. चरकाने चिकित्सास्थानाच्या 24व्या अध्यायात मदात्ययाचं वर्णन केलंय, ते मद्याने होणाऱ्या एकूण विकाराचं. एका सकाळच्या डोकेदुखीला हे नाव देणं म्हणजे ठेच लागल्यावर 'अपघातग्रस्त' म्हणण्यासारखं आहे.

संस्कृतच हवं असेल तर नेमका शब्द सुश्रुताकडे आहे. उत्तरतंत्राच्या 47व्या अध्यायात तो मद्यपानाचे चार विकार वेगळे करतो: पानात्यय, परमद, पानाजीर्ण आणि पानविभ्रम. यातल्या परमदाची लक्षणं वाचा. अंग जड होणं, तोंडाची चव जाणं, अन्न नकोसं वाटणं, तहान, डोकेदुखी, सांधे फुटल्यासारखे दुखणं. यात बरळणं नाही, झोकांड्या नाहीत. चढलेल्या माणसाचं एकही लक्षण नाही. ही सगळी दुसऱ्या दिवशीची सकाळ आहे. म्हणून इथला 'पर' मी 'नंतरचा' असा घेतो: परमद, मदानंतरचा मद. 'पर' म्हणजे पराकोटीचा, असं म्हणणाऱ्यांनी ही यादी समोर ठेवून सांगावं, पराकोटीची नशा यात कुठे दिसते? आणि 'परम + द' अशी फोड करणाऱ्यांसाठी तर श्लोकानेच सोय केली आहे. तिथे 'परस्य' आणि 'मदस्य' असे दोन शब्द सुटे पडलेत.

पानविभ्रमाच्या लक्षणांत घशात धूर कोंडल्यासारखं वाटणं आहे, आणि निरनिराळ्या मद्यांचा व पदार्थांचा द्वेष आहे. "आता आयुष्यात पुन्हा घेणार नाही" ही सकाळची शपथ सुश्रुताने लक्षण म्हणून नोंदवून ठेवली आहे. असं निरीक्षण वाचलं की मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसतो.

चरक उपायही सांगतो: चुकीच्या किंवा अति पिण्याने झालेला विकार योग्य प्रमाणात घेतलेल्या त्याच मद्याने शमतो. सकाळी 'उतारा' म्हणून घोटभर घेणाऱ्यांना हे वाक्य आवडेल, पण त्याने त्रास पुढे ढकलला जातो, टळत नाही. रात्रभर लघवीवाटे गेलेलं पाणी प्यायलेल्या पाण्याने भरून निघतं, तेवढ्याने डोकं लगेच थांबतं असंही नाही. बाकीचं काम वेळच करते.

उतरतो की जातो हे राहिलंच. "अजून उतरली नाही म्हणून डोकं दुखतंय" हे आपण सर्रास म्हणतो, आणि ते उलटं आहे. रक्तातलं अल्कोहोल शून्याजवळ आलं की हा त्रास सगळ्यात जास्त असतो. दारू उतरली, म्हणूनच डोकं दुखतंय. मराठीत उतरतं ते, जे आधी चढलेलं असतं. दारू चढते आणि उतरते, ताप चढतो आणि उतरतो. पडसं चढत नाही, ते जातं. खुमार हा जुकामच्या साच्यातला, त्यामुळे हँगओव्हरही जातोच.

तेव्हा बाई, "कालची खुमारी अजून उतरली नाही, डोकं फुटतंय" याऐवजी "रात्रीची बाधली, डोकं उठलंय" असं लिहा. पडद्यावर जागाही कमी लागेल.