पोरगी जर्मनीला चालते, केनियाला का चालत नाही?

दादा, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचताना थोडी चिडले पण, ते पुढं येईलच.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. पत्र कोल्हापुरातल्या एका वडिलांचं आहे. मुलगी चोवीस वर्षांची, बी.एस्सी. नर्सिंग झालेली, ७१ टक्के, दीड वर्ष इथंच एका हॉस्पिटलमध्ये आयसीयूत काम करतेय. घर ख्रिस्ती, तीन पिढ्यांपासून चर्चच्या मंडळीत. वडिलांनी तिला जर्मन भाषेचा क्लास लावलेला, ए-२ म्हणजे दुसरी पातळी झाली आणि तिनं सोडला, कारण आता ती म्हणते की दोन वर्षं केनियातल्या एका मिशन हॉस्पिटलला जाणार. वडिलांचे प्रश्न दोन. तिचं मन परत जर्मनीकडं कसं वळवायचं, आणि जायचंच म्हणाली तर 'रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल करीन' असं तिच्याकडून लेखी घेता येईल का.

दादा, पत्रात तुम्ही लिहिलंय, 'एकुलती एक पोरगी इतक्या लांब गेली तर आमच्यापासून तुटेल.' आणि त्याच्या चार ओळी वर लिहिलंय की क्लासला आत्तापर्यंत पन्नास हजार घातले. म्हणजे पोरगी लांब जायची तयारी तुमची होतीच की. मुंबईहून फ्रँकफर्टला विमानाला साधारण नऊ तास लागतात, नैरोबीला थेट विमानानं सहा तास. आपली महालक्ष्मी एक्सप्रेस कोल्हापुरातून मुंबईला पोचायला नैरोबीच्या विमानाच्या जवळजवळ दुप्पट वेळ घेते! घड्याळ बघितलं तरी नैरोबी आपल्या फक्त अडीच तास मागं, तेही वर्षभर तेवढंच, जर्मनीसारखं उन्हाळ्यात वेगळं आणि थंडीत वेगळं नाही. तेव्हा लांब-लांब म्हणून जे रडणं चाललंय ते किलोमीटरचं नाही. युरोतला पगार नाही, गल्लीत सांगायला 'जर्मनी' नाही, आणि स्थळ आलं की 'मुलगी काय करते' याला पटकन सांगता येईल असं उत्तर नाही, हे दुखतंय. दुखू दे, आईबापाला पैशाची काळजी असणं यात पाप नाही, पण मग ते पैशाचं आहे असं तिला सरळ सांगा. प्रेमाच्या नावाखाली पगाराची भांडणं केली की पोरं बरोबर ओळखतात, आणि एकदा ओळखलं की पुढची खरी काळजीसुद्धा खोटी वाटायला लागते.

चिडले ती दुसऱ्या गोष्टीवर. तुम्हीच लिहिलंय की दर रविवारी उपासनेत मिशनऱ्यांसाठी प्रार्थना होते, नाताळला तुम्ही वर्गणी देता, आणि तुमच्या आईचं मोठं ऑपरेशन मिरजेला मिशन हॉस्पिटलमध्ये झालेलं. ते हॉस्पिटल काढणारे डॉ. वॉनलेस कॅनडाचे, १८८९ ला इकडं आले, १८९४ ला मिरजेत हॉस्पिटल उभं केलं. त्यांच्याही मागं कॅनडात घर होतंच की. आपल्या कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ ला आले, त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ ला इथंच जन्मला, आणि त्या काळात घरी पत्र टाकलं तर उत्तर यायला महिनेच्या महिने जायचे. दुसऱ्याच्या घरातलं माणूस आपल्याकडं आलं की सेवा, आणि आपल्या घरातलं निघालं की वाया गेली, असं कसं चालेल हो? (मी तुमच्या धर्माची नाही, त्यामुळं हे बोलायचा मला अधिकार नाही म्हणाल तर म्हणा.)

आता त्या नऊ वाजताच्या कॉलबद्दल. माझा धाकटा भाऊ सोळा वर्षं मस्कतला आहे, म्हणून हे मला पुस्तकातून शिकायला लागलं नाही. मोबाईलवर व्हिडिओ कॉल आले तेव्हा सुरुवातीला आम्ही पण रोज कॉल करायचो. आई मोबाईल अशी धरायची की त्याला आमच्या घरातला पंखा आणि आईचं अर्धं कपाळ दिसायचं. 'जेवलास का?' 'जेवलो.' 'काय खाल्लंस?' 'भातच.' 'दिसतंय का मी?' आणि मग दोन्हीकडं गप्प. महिन्याभरात तो कॉल म्हणजे हजेरी झाली, तो कंटाळून उचलायचा, आई रुसून ठेवायची. आयसीयूतल्या नर्सची तर शिफ्ट असते, रात्री नऊला ती पेशंटजवळ असेल, फोन उचलणार नाही, आणि तुम्ही इकडं साडेनऊपर्यंत तिला जंगलात वाघानं खाल्लं असं ठरवून मोकळे व्हाल. (आफ्रिकेत वाघ नसतात, तेवढं तरी.)

पण कॉल कमी पडले म्हणून काही आमचं तुटलं नाही. तुटायची वेळ आली ती लपवाछपवीनं. वडिलांना छातीत दुखायला लागलं, अँजिओप्लास्टी झाली, आणि आम्ही सगळ्यांनी ठरवलं की भावाला सांगायचं नाही, उगाच काळजी करेल, रजा मिळत नाही, तिकीट महाग आहे. चार दिवस रोज 'बाबा झोपलेत' म्हणून सांगितलं. पाचव्या दिवशी चुलतभावानं 'काका लवकर बरे व्हा' म्हणून हॉस्पिटलातला फोटो स्टेटसला टाकला आणि भावाला कळलं ते तिथनं. तो दोन महिने माझ्याशी बोलला नाही, आईशी बोलायचा, माझ्याशी नाही, कारण मी मोठी आणि ठरवणारी मीच होते. आणि नंतर त्यानंच सांगितलं की मागच्या वर्षी त्याला कावीळ झालेली, पंधरा दिवस पडून होता, आम्हाला कळू दिलं नव्हतं. दोन्हीकडनं प्रेमापोटीच सगळं, आणि आम्ही एकमेकांना भातच खाल्ला एवढंच सांगत होतो.

त्यामुळं लेखी घ्यायचंच असेल तर हे घ्या, आणि दोघांनी सह्या करा. घरात कोणी आजारी पडलं तर त्याच दिवशी तिला सांगायचं. तिला मलेरिया झाला, पैसे संपले, रडू आलं, तर तिनं पण सांगायचं, आणि सांगितल्यावर तुम्ही 'तरी म्हणत होतो' हे तीन शब्द तोंडातून काढायचे नाहीत. हे तिसरं तुम्हालाच सगळ्यात जड जाणार, पत्रावरून एवढं कळलं मला.

कॉल आठवड्याला एक पुरे, रविवारी उपासना झाल्यावर, तोही तिची ड्यूटी बघून. मधे व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज टाका, तिला सवड मिळेल तेव्हा ऐकेल. आणि तिला हालहवाल विचारत बसण्यापेक्षा घरातलं सांगा, पंचगंगेला पाणी किती चढलं, धाकट्या भावाच्या अकरावीचं काय चाललंय, मिसेसनी केलेलं लोणचं बिघडलं. लांबच्या माणसाला असलंच पाहिजे असतं. तिथं नेटवर्क असेल का असं विचारलंय तुम्ही. केनियात मोबाईलवरून पैसे पाठवायची एम-पेसा २००७ ला सुरू झाली, आपलं यूपीआय आलं २०१६ ला. खेड्यात रेंज जाते, पण ती आपल्या गगनबावड्याकडं पण जाते. आणि ती बिचारी फारच परक्या मुलखात पडेल असं वाटत असेल तर ऐका, स्वाहिलीत दुकानाला दुका म्हणतात, हिशेबाला हेसाबू, आणि चपाती तिथं चपातीच आहे, चहा चाय.

एक मोठा गैरसमज मात्र काढायला पाहिजे, तो तुमचाच नाही, तिचाही असावा. तुम्ही लिहिलंय, 'तिचं सगळं मिशनच बघणार.' बऱ्याच ठिकाणी तसं नसतं. पुष्कळ मिशन संस्थांत जाणाऱ्या माणसाला आपला खर्च आपणच उभा करायला लागतो. मंडळ्या, नातेवाईक, मित्र यांच्याकडून दर महिन्याला थोडी थोडी रक्कम ठरवून घ्यायची, ठरलेला आकडा पूर्ण झाला की मगच पाठवतात. त्यात विमानाचं तिकीट, राहणं, इन्शुरन्स, परमिटची फी सगळं आलं. आणि जे देतात त्यांना दर महिन्या-दोन महिन्यांनी पत्र लिहायचं, काय काम केलं, कशासाठी प्रार्थना करा वगैरे. म्हणजे घराशी संबंध ठेवणं हा तिच्या कामाचाच भाग असतो, तो नीट ठेवला नाही तर पैसेच बंद होतील. आता तिनं पाच-पन्नास लोकांपुढं जाऊन मदत मागायची आहे, आणि सगळ्यात पहिलं नाव बहुतेक तुमचं असणार. ते तुमच्या तोंडावर मागायचं धाडस तिला नसेल म्हणून कदाचित हा विषय घरात निघालाच नसेल. विचारा तिला, आकडा किती आहे, आणि परतीचं तिकीट त्यात धरलंय का.

जर्मनीला बी-२ पातळीची जर्मन, इंग्लंडला सीबीटी आणि ओस्की, अमेरिकेला एनक्लेक्स, इथंच राहायचं तर एम्सच्या भरतीची नॉर्सेट, नर्सला लागणाऱ्या या परीक्षा, हे सगळं दोन वर्षांनी पण असणारच आहे. ए-२ पुसून जात नाही, मोबाईलवर रोज पंधरा मिनिटं जर्मन चालू ठेवलं तरी पुरे.

आता ताई, हे तुला. तू स्वतः पत्र लिहिलं नाहीस हे मला खटकलंच. प्रार्थना करून ठरवलंस ते तुझं तुझ्यापाशी, त्यात मी बोलणार नाही, पण देवाच्या कामाचे कागद म्हणून ते न वाचता सही करायची नसते. टुरिस्ट म्हणून जाऊन काम करू नको, 'पोचल्यावर बघू' असं कोणी म्हणालं तर तिथंच थांब. केनियात मान्यताप्राप्त मिशन आणि सेवाभावी कामासाठी क्लास आय नावाचं वेगळं परमिट असतं, त्याचा अर्ज संस्था करणार की तू हे विचार. तिथल्या नर्सिंग कौन्सिलच्या परवानगीशिवाय पेशंटला हात लावायचा नाही, आणि इथलं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन संपू द्यायचं नाही. पासपोर्ट तुझ्याच ताब्यात राहणार हे आधी पक्कं कर. मम्मीला किंवा पप्पांना काही झालं तर यायला रजा किती, तिकीट कोणाचं, हे लेखी घे. हे विचारल्यावर संस्थेचा माणूस 'विश्वास कमी आहे का' असं म्हणाला तर मला फोन कर, जायचं रद्द कर असं मी स्वतः पप्पांच्या बाजूनं सांगेन. चांगल्या संस्था हे विचारायच्या आधीच कागद पुढं ठेवतात.

दादा, येत्या शनिवारी दोघं मिळून या, मिसेसनाही आणा, त्यांचं मत तुमच्या पत्रात एका ओळीतही नाही. संस्थेचं पत्र आणि खर्चाचा तो आकडा बरोबर असू द्या. आणि तिनं जायचं नक्की केलं तर यलो फिव्हरची लस निघायच्या निदान दहा दिवस आधी घ्यायला लागते, त्याचं पिवळं कार्ड परत येताना आपल्याच विमानतळावर मागतात, ते विसरू नका.